आठ सेमिस्टर, कधी काय: महाराष्ट्रात इंजिनिअरिंग करणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंगमध्ये डोकं कमी पडलं म्हणून अडकणारी मुलं थोडी असतात. तारखा हुकल्यामुळे अडकणारी खूप. जातवैधता बारावीच्या निकालानंतर काढायला घेतली, पहिल्या वर्षाचं एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, तिसऱ्या वर्षापर्यंत लोंबकळत राहिलं, अ‍ॅप्टिट्यूडचं पुस्तक कंपनी कॉलेजात येण्याच्या आदल्या आठवड्यात उघडलं, अशी ती यादी असते. म्हणून पुढची माहिती वेळेच्या क्रमाने दिली आहे. ती सीईटी आणि कॅपमधून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेतून आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, होणाऱ्या बीई-बीटेकची आहे.

प्रवेशाआधी

कागदपत्रं अकरावीतच काढायला घ्या. डोमिसाईल, जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, यांत जातवैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाची वैधता आधी झालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं. दाखल्यावरचं नाव, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरश: एकच आहे ना, ते आत्ताच पाहा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्या फरकावर छाननीत अर्ज परत येतो.

एमएचटी-सीईटीचा पीसीएमचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी १ गुण. गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, प्रत्येकी २ गुण. म्हणजे पहिल्या भागात प्रश्नाला ५४ सेकंद आणि गणितात १०८. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही. साधारण २० टक्के भार अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. ‘फक्त बारावी करू’ म्हणणारी मुलं त्या २० टक्क्यांतले सोपे गुण सोडून देतात. बारावीला संबंधित तीन विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, हेही सीईटीच्या नादात विसरलं जातं.

मग कटऑफची यादी. ती वाचता येत नाही म्हणून अनेक घरांत तिचा उगाच धसका घेतला जातो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक सांकेतिक शब्द असतो. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटी ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे त्या विद्यापीठाच्या बाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्य पातळी. तेव्हा ‘जी-ओपन-एच’ हा आकडा पुण्याच्या कॉलेजचा असेल आणि तुमची बारावी लातूरला झाली असेल, तर तो तुमच्या कामाचा नाही. तुम्ही ‘जी-ओपन-ओ’ बघायचा. होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून पास झालात यावर ठरते, घर कुठे आहे यावर नाही. टीएफडब्ल्यूएसच्या जागा, म्हणजे ज्यांची ट्यूशन फी माफ असते त्या, मूळ जागांच्या ५ टक्के जादा असतात आणि त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो. नुसता साधा कोड भरला तर वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असूनही त्या जागेसाठी तुमचा विचारच होत नाही. दोन्ही कोड भरा, टीएफडब्ल्यूएसचा आधी.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, याबद्दल एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: वर मोठी कॉलेजं टाकली तर खालचं मिळायचं कॉलेजही हातचं जातं. तसं होत नाही. वाटप मेरिट क्रमांकाने होतं. तुमची पाळी आली की यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा असेल तिथे थांबते. म्हणून फॉर्ममध्ये क्रम आवडीचा ठेवायचा, शक्यतेचा नाही. मात्र पहिल्या पसंतीची जागा लागली की ती गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. कितव्या फेरीत कितव्या पसंतीपर्यंत हा नियम लागतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, गेल्या वर्षीच्या मित्राला विचारू नका.

फीचं गणित आधी मांडा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना निम्मी ट्यूशन फी मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फीची सवलत आहे. हे सगळं कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की हा दरवाजा बंद. आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी पुन्हा भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी तो राहून जाणं हा फार नेहमीचा तोटा आहे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर सर्वात मोठं पॅकेज असेल. ते एका मुलाचं असतं. विचारायचं ते हे: तुमच्या शाखेत प्लेसमेंटला पात्र किती, लागले किती, आणि मधल्या मुलाला पगार किती. नॅक मानांकन संस्थेचं असतं, एनबीए मान्यता शाखेची; आपल्या शाखेची तारीख संपलेली नाही ना, ते पाहा. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, पण परदेशात त्याचा उपयोग एनबीएची टिअर-वन मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांच्या पदवीलाच होतो. लॅबमध्ये डोकावा. एका टेबलाभोवती पाच मुलं आणि एकाच्या हातात प्रोब असं चित्र असेल तर उरलेली चौघं चार वर्षं रीडिंग उतरवून घेणार.

शाखा

कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स यांच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांच्या विषयांत फरक फारच थोडा. त्यामुळे जुन्या, रुळलेल्या कॉलेजातलं आयटी हे कालपरवा सुरू झालेल्या एआय शाखेपेक्षा बहुतेक वेळा चांगलं. नव्या शाखेत शिकवणारी माणसं अजून जमलेली नसतात.

इलेक्ट्रिकल ही सध्या सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात जास्त मार्ग खुले असलेली शाखा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, रेल्वे, मेट्रो, सौर प्रकल्प, प्रत्येक कारखान्याचा मेंटेनन्स विभाग, आणि हवं असेल तर सॉफ्टवेअरही. मेकॅनिकलला चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेत, पण सुरुवातीचा पगार कमी आणि पाळ्या ठरलेल्या. ज्याला यंत्रापाशी उभं राहायला आवडतं त्यानेच जावं. सिव्हिलमध्ये पहिली तीन वर्षं साइटवर धुळीत जातात, नंतर वाढ चांगली. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) घेणाऱ्याने ठरवावं की एम्बेडेड आणि चिपकडे जायचंय की आयटीत. दोन्ही तळ्यात-मळ्यात ठेवणाऱ्याचं दोन्हीकडे अर्धं होतं.

सरकारी परीक्षांचा विचार असेल तर एक गोष्ट शाखा निवडतानाच पाहायची: यूपीएससीची ईएसई, म्हणजे अभियांत्रिकी सेवा परीक्षा, फक्त सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चार गटांसाठी असते. कॉम्प्युटरवाल्यांना तिथे जागा नाही.

पहिलं वर्ष: सगळी मेख इथे

राहिलेल्या विषयाला पुण्यात ‘बॅक’ म्हणतात, मुंबईत ‘केटी’. शब्द कोणताही असो, बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसता येत नाही. म्हणजे एम-टू राहिलं तर दुसऱ्या वर्षात जाता येतं, पण दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर ते ओढत न्यावं लागतं, आणि तिथेही नाही सुटलं की वर्ष जातं. त्यालाच मुलं ‘वायडी’ (इयर डाउन) म्हणतात. वायडी होणाऱ्यांच्या यादीत दोनच विषय सारखे दिसतात: गणित आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्स.

गणित बारावीसारखं वाचून जमत नाही. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ४५ मिनिटं, वही-पेनाने गणितं सोडवा. उत्तर पाहून ‘समजलं’ म्हणणं म्हणजे सराव नाही. एम-वनमध्ये मॅट्रिक्स आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह हे हुकमी गुणांचे भाग आहेत, ते आधी पक्के करा. एम-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन आधी, कारण पुढे मेकॅनिकलच्या व्हायब्रेशनपासून इलेक्ट्रिकलच्या सर्किटपर्यंत सगळं त्याच्यावर उभं आहे. दुहेरी इंटिग्रलमध्ये मुलं आकडेमोडीत चुकत नाहीत, आकृती न काढता मर्यादा लिहितात म्हणून चुकतात. प्रदेश कागदावर रेखाटल्याशिवाय इंटिग्रेशनचा क्रम बदलायला जाऊ नका.

ग्राफिक्सचं एक गणित जवळून पाहू. षटकोनी प्रिझम, पायाची बाजू ३० मिमी, अक्ष ६० मिमी. पायाच्या एका कडेवर एचपीवर (आडव्या प्रतलावर) टेकलेला, अक्ष एचपीशी ४५ अंशांत आणि व्हीपीला (उभ्या प्रतलाला) समांतर. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत, म्हणजे फ्रंट व्ह्यू एक्सवाय रेषेच्या (दोन्ही प्रतलं मिळतात त्या रेषेच्या) वर आणि टॉप व्ह्यू खाली. आधी प्रिझम सरळ उभा आहे असं समजायचं. खरा षटकोन टॉप व्ह्यूमध्ये दिसतो, म्हणून सुरुवात तिथून. घन ज्या कडेवर टेकणार आहे ती बाजू एक्सवायला लंब ठेवा. सगळे बिंदू वर न्या, फ्रंट व्ह्यूमध्ये आयत येतो: उंची ६०, रुंदी ५२ मिमी. हा ५२ चा आकडा तपासणीचा आहे, कारण समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ३० गुणिले १.७३२. तिथे ६० आले तर षटकोनाच्या बाजू एक्सवायला समांतर ठेवल्यात आणि घन कडेऐवजी कोपऱ्यावर उभा राहिलाय. पुसा आणि पुन्हा काढा. मग तोच आयत खालच्या कोपऱ्यावर टेकवून असा कलवा, की अक्ष ४५ अंशांत येईल. त्याच्या प्रत्येक बिंदूवरून खाली उभ्या रेषा, पहिल्या टॉप व्ह्यूवरून आडव्या रेषा, जिथे छेदतील तिथे शेवटचा टॉप व्ह्यू. न दिसणाऱ्या कडा तुटक रेषेने.

या गणितात मार्क जातात ते बिंदूंना नावं न दिल्यामुळे. बारा बिंदू असतात, नावाशिवाय कोणता कोणाला जोडायचा हे तिसऱ्या टप्प्यात कुणालाच आठवत नाही. बांधणीच्या रेषा २एच पेन्सिलने हलक्या, बाह्यरेषा एचबीने गडद. आठवड्याला अशी तीन गणितं, सेमिस्टर संपेपर्यंत.

प्रोग्रामिंग शाखा कोणतीही असो, पहिल्याच वर्षी हातात बसवा. रोज एक छोटा प्रोग्रॅम, तोही आधी कागदावर. मोबाइलवरून कोड उतरवून सबमिशन पूर्ण होतं, पण लूप कसा फिरतो ते तिसऱ्या वर्षी पुन्हा शिकावं लागतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी इथेच एक सांगणं. तुम्हाला ड्रॉइंग आणि वर्कशॉप बारावीवाल्यांपेक्षा जास्त येतं. एम-थ्री मात्र अंगावर येतं, कारण एम-वन आणि एम-टू तुम्ही केलेलंच नाही. प्रवेश आणि कॉलेज सुरू होणं यांच्या मधल्या आठवड्यांत इंटिग्रेशनची सूत्रं, पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लाप्लास ट्रान्सफॉर्मची ओळख, एवढं करून घ्या.

परीक्षा, सबमिशन आणि पीएल

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये इन-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, ३० आणि एंड-सेम, म्हणजे शेवटची, ७० गुणांची होती. इन-सेमला पहिली दोन युनिट, एंड-सेमला उरलेली चार. तुमच्या विद्यापीठाची विभागणी वेगळी असेल, पण तत्त्व तेच: इन-सेमला २२-२४ गुण काढून ठेवले की पुढचं दडपण अर्ध्यावर येतं. ती दोन युनिट सोपी असतात आणि तेव्हा सबमिशनचा घोळ सुरू झालेला नसतो.

नवा विषय सुरू झाला की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी जमवा: विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा सिलॅबस, मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि एक मूळ पुस्तक. जुनी पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतात. सीनियरकडून घेतली तर आणखी स्वस्त. स्थानिक प्रकाशनांची परीक्षेपुरती पुस्तकं पास व्हायला पुरतात, मुलाखतीला पुरत नाहीत. प्रत्येक शाखेचे काही विषय तिचा कणा असतात: मेकॅनिकलला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मो, मशीन डिझाइन. सिव्हिलला स्ट्रक्चर्स आणि जिओटेक. इलेक्ट्रिकलला मशीन्स आणि पॉवर सिस्टिम. कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम. ते मूळ पुस्तकातूनच करा. उरलेल्यांवर तेवढा जीव काढायची गरज नाही.

हजेरी ७५ टक्के. कमी पडली की डिटेन्शनच्या यादीत नाव लागतं आणि टर्मवर्कवर सही मिळत नाही. प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात राइट-अप लिहून सही घ्या. शेवटच्या आठवड्यात बारा राइट-अप एकदम लिहिणाऱ्याची पीएल, म्हणजे अभ्यासाची सुट्टी, हात दुखण्यातच संपते. ओरलला परीक्षक फाईलमधलंच एखादं पान उघडतो आणि ‘हा आलेख असा का वाकलाय?’ एवढंच विचारतो. स्वतः रीडिंग घेतलेलं असेल तर उत्तर येतं.

निकाल अनपेक्षित लागला तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, ती विषयाच्या सरांना दाखवा, बेरजेतली चूक किंवा न तपासलेला प्रश्न निघाला तरच रिव्हॅल्युएशन. या दोन्हींना मोजकेच दिवस असतात, निकालाच्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

तिसरं वर्ष

पाचव्या सेमिस्टरपासून प्लेसमेंटची तयारी सुरू व्हायला हवी, कारण कंपन्या सातव्याच्या सुरुवातीला येतात. अनेक मोठ्या आयटी कंपन्यांची चाळणी ठरलेली असते: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, सगळीकडे ६० टक्के आणि त्या वेळी एकही बॅक शिल्लक नाही. सीजीपीएचे टक्के करताना आपल्या विद्यापीठाचं छापील सूत्रच वापरा. सीबीएसईचा दहावीसाठीचा ९.५ चा गुणक लावून अर्ज भरला आणि पडताळणीत फरक निघाला, तर हातातलं ऑफर लेटर रद्द होऊ शकतं.

अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे टक्केवारी, काळ-काम-वेग, गुणोत्तर, मालिका, आकृत्या. आठवी-नववीचंच गणित, पण घड्याळ लावून. सहा महिने रोज २० प्रश्न पुरतात. इंग्रजी हा मराठी माध्यमातल्या मुलांचा अवघड भाग. त्यासाठी क्लास लावण्याआधी हे करून पाहा: आपला प्रोजेक्ट दोन मिनिटं इंग्रजीत सांगायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, ऐकायचा, पुन्हा सांगायचा. पंधरा दिवस. भाषा मोडकी असली तरी चालते. अडखळण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्याच दुरुस्त करायच्या असतात.

इंटर्नशिपसाठी जवळच्या एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कंपन्या गाठा, फेब्रुवारीतच. एका पानाचा रेझ्युमे, मेल, आणि चार दिवसांनी प्रत्यक्ष गेटवर. तीस ठिकाणी विचारलं की दोन-तीन ठिकाणी होकार येतो. आत गेल्यावर एकच पार्ट निवडा आणि कच्च्या मालापासून डिस्पॅचपर्यंत त्याच्या मागे फिरा: कोणतं मशीन, सायकल टाइम किती, रिजेक्शन कुठे होतं आणि का. पैसे भरून आठवड्यात मिळणारं ऑनलाइन सर्टिफिकेट मुलाखतीच्या पहिल्या प्रश्नातच उघडं पडतं. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा, बारा आठवड्यांचा कोर्स मात्र करावा. त्याची अंतिम परीक्षा केंद्रावर बसून द्यावी लागते, म्हणून त्या प्रमाणपत्राला वजन आहे.

अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट विकत मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग आणून स्वतः जोडलेला, अर्धवट चालणारा प्रोजेक्टही विकतच्या चकचकीत मॉडेलपेक्षा उजवा. ‘सेन्सरचं रीडिंग उन्हात का बदलत होतं?’ याचं उत्तर विकत मिळत नाही.

मुलाखतीत नेमकं काय विचारतात

मेकॅनिकलला: २५ एच७/जी६ म्हणजे काय? भोक २५.००० ते २५.०२१ मिमी, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, म्हणजे फट कमीत कमी ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१ मिमी. तक्ता पाठ असायची अपेक्षा नसते. ही क्लिअरन्स फिट आहे आणि शाफ्ट भोकात कायम सैल फिरेल, एवढं ठामपणे सांगता यायला हवं. व्हर्निअर हातात देऊन लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं लहानात लहान माप) विचारतात आणि बरीच मुलं तिथेच गडबडतात.

सिव्हिलला: १२ मिमीच्या सळईचं वजन किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८८९ किलो, आणि १२ मीटरची अख्खी सळई १०.६७ किलो. पुढचा प्रश्न ठरलेला, १६२ आले कुठून? पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरून एक मीटर लांबीचं वजन काढा, आपोआप येतात.

इलेक्ट्रिकलला: १० हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्टची थ्री-फेज मोटर किती करंट घेईल? पॉवर फॅक्टर ०.८५ आणि एफिशिअन्सी ८८ टक्के धरली तर सुमारे १४ अँपिअर. १.७३२ विसरलात तर २४ येतील आणि मुलाखत संपेल.

कॉम्प्युटरला: लेफ्ट जॉइन लिहा, म्हणजे डेटाबेसमधली दोन टेबलं अशी जोडा की डावीकडची प्रत्येक ओळ राहील. मुलं लिहितात आणि उजव्या टेबलावरची अट ‘व्हेअर’मध्ये टाकतात, त्याबरोबर जुळणी नसलेल्या ओळी गळतात आणि तो जॉइन नावापुरता लेफ्ट उरतो. अट ‘ऑन’मध्ये हवी.

ऑफर लेटर वाचताना

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ४ लाख २० हजार म्हणजे महिन्याला ३५ हजार हातात, असं नाही. समजा बेसिक निम्मं, १७,५००. कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ८४२, विमा ५०० आणि कामगिरीवरचा बदलता भाग ३,५००, हे सगळं त्या ३५ हजारांतच धरलेलं असतं. उरले २८,३५८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. खात्यात २६,३५८. पुण्यात कॉट बेसिसवर राहण्याचा आणि मेसचा खर्च या आकड्यातून वजा करून पाहा आणि मगच दोन ऑफरची तुलना करा.

बॉण्ड असेल तर तीन ओळी शोधा: किती महिने, किती रक्कम, आणि कंपनीने स्वतः काढून टाकलं तरी लागू आहे का. कोरा चेक देऊ नका. नोकरीसाठी आधी पैसे मागणारी एजन्सी असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

प्लेसमेंटशिवायचे रस्ते

गेट ही एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा ६५ प्रश्नांची, १०० गुणांची, तीन तासांची. तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून तिसऱ्या वर्षी एकदा बसाच, निदान पेपरचा अंदाज येतो. बहुतेक शाखांत अ‍ॅप्टिट्यूड १५ गुण आणि गणित १३. हे २८ गुण इतर विषयांपेक्षा कमी कष्टात मिळतात आणि तेच शेवटासाठी ठेवले जातात. चुकीच्या एमसीक्यूला एक-तृतीयांश कपात आहे, आकडा टाइप करायच्या प्रश्नांना नाही. एमटेकला गेटवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. अनेक सार्वजनिक कंपन्याही गेटच्या गुणांवर बोलावतात.

ईएसईची पूर्वपरीक्षा ५०० गुणांची, मुख्य ६०० आणि मुलाखत २००. मुख्य परीक्षा लेखी असते. गेट करून थेट तिकडे वळणारे लिहिण्याच्या सवयीअभावी मागे पडतात. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा आणि खात्यांची कनिष्ठ अभियंता भरती यांच्या जाहिराती अनियमित असतात. तेवढ्यावर विसंबून तीन वर्षं घरी बसणं महागात पडतं. नोकरी किंवा किमान नॅट्स या केंद्र सरकारच्या योजनेतली वर्षभराची अप्रेंटिसशिप सोबत ठेवा.

जर्मनीला जायचं असेल तर पाचव्या सेमिस्टरपासून भाषा. गुणांचं रूपांतर असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा, भागिले कमाल उणे पास होण्याचे गुण, गुणिले ३, अधिक १. दहापैकी ८ सीजीपीए आणि पासिंग ४ असेल तर २.०, सीजीपीए ७ असेल तर २.५, आणि अनेक सरकारी विद्यापीठांत हीच सीमा असते. तिथे कमी आकडा चांगला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे साधारण ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. ‘फुकट शिक्षण’ ऐकून निघालेल्यांचं गणित इथे अडतं.

कोणताही रस्ता घ्या, शेवटचा निकाल लागला की ट्रान्सक्रिप्टच्या चार प्रती, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि पदवी प्रमाणपत्राचा अर्ज त्याच महिन्यात करून टाका. गाव सोडल्यावर, नोकरीतून रजा काढून विद्यापीठाच्या खिडकीपाशी उभं राहणं फार त्रासाचं होतं. आणि कंपनीने मूळ मार्कशीट ‘जमा’ करायला सांगितल्या तर त्या फक्त पडताळणीसाठी समोर ठेवा, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ कागद परत घेऊन या.